दिमदुर्तीचं लोखंड, इस्फहानचा व्यापारी आणि आपल्या नोंदी

(नांदेड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण नांदेडचे आहेत, काही लातूर, उदगीर, औसा इथून आले आहेत. नांदेडकरांना गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरची तलवारी आणि कृपाणांची दुकानं माहीत आहेत. लातूरकरांना ऊसतोडीचा कोयता माहीत आहे. एखाद्या लोहाराला विचारा, "चाचा, हे लोखंड कुठलं?" तो सांगेल, भंगारातून आणलेला ट्रकचा कमानपाटा. त्यात कमीपणा काही नाही, पाटा चांगलाच असतो. पण याच गोदावरीच्या काठानं, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर खाली गेलं की एक असा मुलूख लागतो, जिथलं पोलाद घ्यायला एकेकाळी इराणचे व्यापारी येऊन राहत होते. आज त्या खाणींबद्दल बोलायचं आहे.

धर्माबाद ओलांडलं की बासर, आणि पुढे निर्मळ. आज हा भाग तेलंगणात आहे. पण ही सीमा १९५६ ची आहे. त्याआधी आपण सगळे हैदराबाद संस्थानात होतो. मुधोळ तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता, तो आदिलाबादला गेला. किनवट आदिलाबादेत होतं, ते नांदेडला आलं. म्हणून निर्मळच्या खाणींचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

निर्मळच्या परिसरात दिमदुर्ती नावाचं गाव आहे. तिथे खनिज लोखंड निघायचं. खाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठी यंत्रं, डंपर, डोंगर कापलेला असं चित्र येईल. तसं काही नव्हतं. जमिनीच्या पातळ थरातून खणलेले साधे खड्डे होते. लहान पहारीनं खडक फोडायचा, कुटायचा, पाण्यानं धुवायचा. माती वाहून जायची आणि जड काळी रेती खाली राहायची. ही रेती म्हणजे चुंबकाला चिकटणारं खनिज. कोळशाच्या छोट्या भट्टीत ती टाकून त्यातून लोखंड काढलं जाई.

पुढचं काम नदीच्या दक्षिणेला, कोनासमुद्रम या गावी चाले. हे गाव आज निजामाबाद जिल्ह्याच्या कम्मरपल्ली मंडलात आहे. तेलुगूत कम्मरी म्हणजे लोहार, पल्ली म्हणजे गाव. नावातच सगळं आलं.

तिथे काय चालायचं, हे हेन्री वॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरानं लिहून ठेवलं. तो लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणूनही काम करायचा. हा लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तोच. पुढच्याच वर्षी वॉयसीही गेला. त्याचं टिपण १८३२ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात छापून आलं.

तो सांगतो की लोहार दोन प्रकारचं लोखंड घ्यायचे. एक काळ्या रेतीचं, दुसरं तांबड्या लोहमातीचं. पहिल्याचे तीन भाग, दुसऱ्याचे दोन. ते मातीच्या मुशीत भरायचं, मूस भट्टीत ठेवायची आणि बैलाच्या कातड्याचे भाते अहोरात्र, चोवीस तास चालवायचे. शेवटी मुशीतून साधारण दीड पौंडाची, म्हणजे पाऊण किलोच्या आसपासची पोलादाची वडी निघायची.

आणि तिथे त्याला भेटला इस्फहानचा हाजी हुसेन. माल तयार होताना हा व्यापारी स्वतः हजर राहायचा आणि पारखून घ्यायचा. त्यानं वॉयसीला सांगितलं की हे पोलाद आम्ही आमच्या देशात करून पाहिलं, जमलं नाही. म्हणून इतक्या लांब यावं लागतं.

जरा डोळ्यांसमोर आणा. खड्डा खणणारे, कोळसा करणारे, मूस घडवणारे, भाता ओढणारे बहुतेक तेलुगू बोलणारे हिंदू कारागीर. विकत घेणारा फारसी बोलणारा मुसलमान. राज्य निजामाचं. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. एकाकडे हुनर होता, दुसऱ्याकडे बाजार, आणि दोघांनाही एकमेकांची गरज होती. आपल्या समाजांचा इतिहास फक्त लढायांचा आहे असं सांगणाऱ्यांना ही भट्टी दाखवली पाहिजे.

या वडीपासून पुढे काय व्हायचं? इराणात आणि शाम मुलखात तिच्या तलवारी घडायच्या. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये लिहितो की नक्षीदार पाती गोवळकोंड्याच्या पोलादाचीच होतात. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला मुहन्नद हा शब्दच आहे. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी उमटते तिला फारसीत जौहर म्हणतात. आपण मराठीत रोज पोलाद म्हणतो, तो शब्दही फारसीतूनच आला.

मग हे सगळं संपलं कसं? स्वस्त विलायती लोखंड आलं. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीनं पोलाद टनाच्या हिशेबात निघू लागलं. पाऊण किलोची वडी त्यापुढे कशी टिकणार? तलवारीची जागा बंदुकीनं घेतली.

एक कारण शास्त्रज्ञांनी अलीकडे मांडलं. १९९८ मध्ये अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन वेरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी जुन्या पात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की त्या खनिजात व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्यं अगदी नावापुरती होती आणि जौहर त्यांच्यामुळे उमटत होता. वेगळ्या खाणीचं खनिज आलं की तोच कारागीर, तीच भट्टी, तोच घाव, पण जौहर नाही. आपलं काय चुकतंय हे कारागिराला कळायलाही मार्ग नव्हता.

आता एक कडू गोष्ट. १८८६ साली हैदराबाद सरकारनं लंडनच्या भांडवलदारांना ९९ वर्षांसाठी राज्यातल्या खनिजांचा हक्क दिला. त्यातून हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. या व्यवहारात सरदार दिलेर-उल-मुल्क अब्दुल हक या बड्या अधिकाऱ्याचे स्वतःचेच शेअर निघाले. बभ्रा झाला, १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीसमोर चौकशी झाली, त्याचं पद गेलं. राज्यकर्ता मुसलमान, अधिकारी मुसलमान, म्हणून दिमदुर्तीच्या खड्ड्यात राबणाऱ्याला किंवा गल्लीतल्या शिकलगाराला काय मिळालं? काहीच नाही. "आमची सत्ता होती" म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. सत्ता आपली आहे का, यापेक्षा ती हिशेब देते का, हे विचारायला शिका.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. वॉयसीचं नाव उरलं, कारण तो लिहिणारा होता. हाजी हुसेनचं उरलं, कारण लिहिणाऱ्याशी तो बोलला. भाता ओढणाऱ्याचं नाव कोणी विचारलंच नाही. २०१० साली एक्सेटर विद्यापीठ आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून पाहणी केली. त्यांना ठिकठिकाणी लोखंडाच्या कीटाचे ढीग आणि फुटक्या मुशी मिळाल्या. कारागिराची नोंद म्हणून एवढाच कचरा उरला.

तुम्ही म्हणाल, सर, दोनशे वर्षांपूर्वीचं झालं, आज काय त्याचं? आज त्याचं हे आहे की नोंद नसण्याची शिक्षा अजून चालू आहे. आपल्यातले शिकलगार, पिंजारी, अत्तार यांच्या घरातला मुलगा जातीचा दाखला काढायला जातो, तेव्हा भटक्या जमातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेच्या निर्गम उताऱ्यात 'मुसलमान' एवढंच लिहिलेलं असतं. धंदा, जमात, सगळं गायब. पिढ्यान्‌पिढ्या धार लावणाऱ्या घरातल्या पोराला आपण शिकलगार असल्याचं कागदावर सिद्ध करता येत नाही. मग प्रवेश जातो, शिष्यवृत्ती जाते.

मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी अनेकदा उर्दूत किंवा मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली. तुमच्यातल्या ज्यांनी उर्दू शिकली आहे, त्यांना मी सांगतो, ही भाषा फक्त मुशायऱ्याची नाही. तुमच्या शेजारच्या मराठा शेतकऱ्याचा, घिसाड्याचा, तुमच्या स्वतःच्या चाचाचा कागद तीत अडकलेला असू शकतो. तो वाचून द्या. पैसे न घेता द्या.

आणखी एक काम सांगतो, मग थांबतो. तुमच्या गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या कारागिराकडे या आठवड्यात जाऊन बसा. नाव, वडिलांचं नाव, काम कोणाकडून शिकले, कोणती हत्यारं घडवली, माल कुठून आणायचे, कुठे विकायचे, सगळं विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वहीतही उतरवा. शाळेच्या दाखल्याची, जुन्या भाडेपावतीची, खासरा पत्रकाची नक्कल त्याला जोडून ठेवा. कोळशात पोलाद कधी "शिजलं" हे त्याला रंगावरून कळत असेल, तर तो रंग कसा असतो तेही लिहून घ्या. ते कुठल्याच पुस्तकात नाही.

दिमदुर्तीच्या खड्ड्यांत आता गवत उगवलं आहे. ती खाण पुन्हा सुरू व्हावी असं मी म्हणत नाही. तिथल्या पोलादाच्या तलवारींनी माणसंही मारली, हेही विसरायला नको. माझी मागणी लहान आहे. यापुढे कोणी या मुलखातल्या कारागिरांबद्दल लिहायला बसेल, तेव्हा त्याला फुटक्या मुशीबरोबर चार माणसांची नावंही मिळावीत. ती लिहून ठेवणं आपल्या हातात आहे.