एकेक डोळा झाकून पाहा



सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेच्या वर्गात आमचं नेत्रतपासणी शिबिर होतं. फळ्याशेजारी अक्षरांचा तक्ता टांगलेला, सहा मीटरवर खडूनं रेघ मारलेली, रेघेपाशी माणसांची रांग. त्या रांगेत एक आजी होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या बाहुलीत तर पांढरा ठिपका लांबूनच दिसत होता. त्यांचा हात धरून आजोबा आले होते. "माझं काय न्हाय, मला समदं दिसतं," असं म्हणून ते बाकावर बसले. आलाच आहात तर बघू या, म्हणून मी त्यांना रेघेवर उभं केलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला. आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन्ही डोळं कशाला झाकलं, बाई?"

मी एकच झाकला होता.

आजोबांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी कधी गेली, हे त्यांना सांगता आलं नाही. घरात कुणालाच कळलं नव्हतं. दोन डोळे सख्ख्या भावांसारखे असतात. एकाचं उणं दुसरा बिनबोभाट झाकून नेतो. चालणं, जेवणं, गुरांना पाणी दाखवणं, सगळं एका डोळ्यावर चालून जातं आणि माणूस म्हणतो, मला छान दिसतं. आज तुमच्याशी बोलायला आले आहे ती मुख्यतः हे सांगायला.

आजींचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्या आधी स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या. "हिरव्या हायत व्हय बांगड्या? मला काळ्याच वाटत हुत्या." मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं, पिवळट होत जातं आणि अंधुकपणाबरोबर रंगही मरतात. ते भिंग काढून जागी कृत्रिम भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा नीट दिसतं. तुमच्यापैकी वयस्कर श्रोत्यांना ऑपरेशननंतरचे ते जाड भिंगाचे जड चष्मे आठवत असतील. डोळ्याच्या आत भिंग बसवायची कल्पना लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या सर्जनची. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण रुतलेले असत आणि तरी डोळा ते कण सहन करत असे, हे त्यांनी पाहिलं. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी ते पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात ठेवलं. आपल्या खेड्यांतल्या शिबिरांपर्यंत ते भिंग पोचायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. आज जिल्हा रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं. तरीही "मोतीबिंदू अजून पिकला नाही" म्हणून घरी बसणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. पिकायची वाट बघण्याचे दिवस गेले. फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि कधी कधी त्यातूनच डोळ्याचा दाब वाढतो. रोजच्या कामात अडचण यायला लागली की वेळ झाली असं समजावं.

आजोबांच्या डाव्या डोळ्यासाठी मात्र माझ्याकडे काही नव्हतं. त्यांना काचबिंदू होता. नावात दोन्हीकडे बिंदू आहे, म्हणून लोक दोन्ही आजार एकच समजतात आणि तिथंच घात होतो. डोळ्याच्या आत एक द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटेनं वाहून जातो. ही वाट अडली की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस हळूहळू सुकत जाते. दाब फारसा न वाढताही काहींची नस सुकते. दुखत नाही, लाली येत नाही, पाणी गळत नाही. आधी बाजूची नजर जाते, मधली शेवटपर्यंत स्वच्छ राहते. दाराची चौकट खांद्याला लागते, बाजूनं आलेली मोटारसायकल एकदम समोर उगवल्यासारखी वाटते आणि माणूस म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं. सुकलेली नस कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. जी शिल्लक आहे ती मात्र थेंबांनी राखता येते. आजोबांचा उजवा डोळा आम्ही असाच राखला. हे थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात. त्यांनी दिसण्यात सुधारणा होत नाही, म्हणून पुष्कळजण दोन महिन्यांत बाटली बाजूला ठेवतात. कृपा करून असं करू नका. आहे ते टिकलं, हाच त्या थेंबांचा गुण. आणि तुमच्या सख्ख्या भावंडांत, आईवडिलांत कुणाला काचबिंदू असेल तर त्रास नसतानाही तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो. तिथं डोळ्याचा दाब आणि आतली नस बघितली जातेच असं नाही.

आता अंधुक दिसण्याविषयी. ताप जसा स्वतः आजार नसतो, तसंच अंधुक दिसणं हाही आजार नव्हे. त्याच्यामागे काय आहे ते शोधावं लागतं. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला दाभणानं जेमतेम एक मिलीमीटरचं भोक पाडा. एक डोळा झाका, दुसऱ्यासमोर ते भोक धरा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. चष्मा असेल तर तो लावूनच. अंधुक अक्षर भोकातून स्पष्ट झालं, तर बहुतेक वेळा प्रश्न नंबरचा असतो आणि तो चष्म्यानं सुटतो. भोकातूनही धूसरच राहिलं, तर भिंग, डोळ्याच्या आतला पडदा किंवा नस यांतलं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. मग डॉक्टरांकडे जायला आठवड्याभराचाही उशीर करू नका.

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं ते जवळजवळ सगळ्यांनाच. आपल्या भाषेनं तर वयाचं आणि चष्म्याचं नाव एकच ठेवलं, चाळिशी. सुई ओवताना हात लांब न्यावे लागतात, कारण आतलं भिंग ताठर झालेलं असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चष्मा लावल्यानं नंबर वाढतही नाही. पण साठी-पासष्टीला कुणी आनंदानं सांगितलं, "माझा चष्मा सुटला, आता पोथी तशीच वाचता येते," तर घरच्यांनी सावध व्हावं. मोतीबिंदू धरू लागला की काहींचं भिंग घट्ट होतं, जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं बिघडत जातं.

मधुमेह असलेल्यांना आणखी एक सांगते. साखर वरखाली झाली की भिंग फुगतं, ओसरतं आणि नंबरही बदलत राहतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय चष्मा करू नका, पैसे वाया जातील. खरा धोका पडद्याला. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्त उतरतं, आणि तोवर दिसण्यात काही फरक नसतो. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला मधुमेह कळला की त्याच वर्षी आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणीतरी आणा आणि गाडी स्वतः चालवू नका.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे एकाच तऱ्हेचे डोळे येतात. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ती बुबुळावरून फिरली की ओरखडा उठतो. डोळा लाल होतो, चुरचुरतो. कुणी मध घालतं, कुणी एरंडेल, कुणी बाळंतिणीचं दूध. कुणी औषधांच्या दुकानातून आधीच्या कुणाला दिलेले तेच थेंब आणतं. त्या थेंबांत स्टिरॉईड असेल तर दोन दिवस लाली ओसरते, बरं वाटतं, आणि पाचोळ्याबरोबर आलेली बुरशी आत पसरत जाते. माणूस माझ्यापर्यंत येतो तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं असतं. मग उपाय एकच उरतो: मरणोत्तर नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवणं. ते सहा तासांच्या आत काढावं लागतं. चष्मा लावणाऱ्यांचे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे डोळेही दान करता येतात. पण ओरखड्याच्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर बहुतेक वेळा ही पाळी येत नाही. कडेनं बंद असलेला साधा गॉगल तोडीच्या वेळी घातला तर ओरखडाही टळतो.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब लहान मुलं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना बुबुळ जाळत आत शिरतो. तेव्हा डॉक्टर शोधायला पळू नका; आधी मुलाला नळाखाली धरा, पापण्या उघडून निदान अर्धा तास पाणी वाहू द्या, चुन्याचे कण ओल्या फडक्याच्या टोकानं काढा, आणि मग दवाखाना गाठा. ही ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, एवढं तरी आज घरी गेल्यावर कराच.

मोबाइलबद्दल थोडक्यात. त्याच्या पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडतो आणि संध्याकाळी धूसर दिसतं. मधूनमधून खिडकीबाहेर लांब बघा, मुद्दाम पापण्या मिटा. मुलांना रोज उन्हात, मोकळ्या मैदानात खेळू द्या. लांबचं न दिसण्याचा दोष जडण्याचा धोका त्यानं कमी होतो. फळ्यावरचं उतरवून घेताना मूल शेजारच्या वहीत डोकावत असेल, तर त्याला रागावण्याआधी डोळे तपासा.

एकाएकी दिसणं गेलं, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं, अचानक विजा चमकू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले, किंवा डोळा लाल होऊन डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, तर अर्धशिशी किंवा पित्त म्हणून गोळी घेऊन झोपू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचा विभाग असलेलं रुग्णालय गाठा.

हे भाषण संपलं की कॅलेंडरसमोर उभे राहा. आधी उजवा डोळा झाका आणि तारीख वाचा. मग डावा. घरात जे म्हणतात, "मला समदं दिसतं," त्यांनाही उभं करा.