उंच छताखाली धुरावर पहारा



8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली, 1915 सालची ती वास्तू. त्या आगीच्या कारणांत मी आज शिरणार नाही. मला बोलायचं आहे ते अशा सगळ्याच जागांबद्दल. नाट्यगृहं, मंगल कार्यालयं, भिवंडीची गोदामं, विदर्भातली कापसाच्या गाठींची शेड, मॉलमधले उंच चौक. छत उंच आणि खाली सलग मोकळी जागा. तिथं रात्री कुणी नसताना धूर निघाला, तर तो कळणार कसा?

घरात किंवा कचेरीत छताला छोटा गोल धूरशोधक लावलेला असतो. त्याच्या आत शिरेल तेवढ्याच हवेवरून तो निर्णय घेतो. बुटक्या खोलीत तेवढं पुरतं. पण धूर वर चढताना आजूबाजूची हवा ओढून घेतो, पसरतो, थंड होतो. 12 मीटर उंचीवर पोचेपर्यंत तो फार विरळ झालेला असतो. म्हणून अशा जागी बीम डिटेक्टर लावतात. एका भिंतीवरून अवरक्त किरणांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा झोत सोडायचा आणि समोर तो किती पोचतो हे सतत मोजायचं. धूर विरळ असला तरी झोताच्या सगळ्या वाटेवर मिळून तो उजेड अडवतो, आणि आगीच्या इशारा यंत्रणेच्या पॅनेलवर इशारा जातो.

यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात एका टोकाला ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. वायर दोन्हीकडे न्यावी लागते. दुसऱ्यात पाठवणारा आणि घेणारा एकाच डब्यात, आणि समोर फक्त परावर्तक. वायरिंग वाचतं, पण वाटेजवळ चकचकीत पत्रा, काच किंवा एसीचा डक्ट असला, तर त्यावरून उलटलेला उजेड रिसीव्हरला फसवू शकतो. म्हणून जोडणी झाली की परावर्तक काळ्या, न चमकणाऱ्या कापडानं झाकून बघा. सिग्नल पडायलाच हवा. पडला नाही, तर उजेड दुसरीकडूनच परत येतोय.

आता हिशोब. शेड 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद आहे असं धरा. एक झोत आपल्या दोन्ही बाजूंना साधारण साडेसात मीटर, म्हणजे 15 मीटरचा पट्टा सांभाळतो. लांबीच्या दिशेनं दोन झोत पुरे होतात. तीच जागा गोल शोधकांनी झाकायची, तर सुमारे 18 लागतील आणि प्रत्येकाच्या सफाईला शिडी किंवा लिफ्ट आणावी लागेल. छतापासून झोत साधारण 30 ते 60 सेंटिमीटर खाली ठेवतात. नेमकं अंतर आपल्या छताच्या आकारावर ठरतं. त्यासाठी आयएस 2189 ही भारतीय मानक संहिता आणि उत्पादकाचं पुस्तक, दोन्ही पाहावीत.

पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक अडचण येते. उन्हानं पत्रा तापला, की त्याखाली गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. लहान आगीचा धूर थंड होत वर येतो आणि त्या थराखालीच अडकतो. वरचा झोत मोकळाच राहतो. अशा ठिकाणी आणखी खालच्या उंचीवर जादा झोत घ्यावे लागतात. हे आराखड्यातच ठरवून घ्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या यंत्र कशावर बसवायचं यात. पत्र्याच्या भिंतीवर किंवा पार्टिशनवर ते कधीच बसवू नये. दुपारी लोखंड प्रसरतं, रात्री आकसतं, वाऱ्यानं पत्रा थरथरतो. डब्याचं तोंड अर्ध्या अंशानं फिरलं, तर 100 मीटरवर झोत जवळजवळ 87 सेंटिमीटर सरकतो. म्हणून आरसीसी खांब, पक्की भिंत किंवा मुख्य गर्डर निवडा. जोडणी करताना झोत डावी-उजवीकडे, वर-खाली हलवून सिग्नल दोन्हीकडे कुठं घसरतो ते पाहावं आणि त्या टोकांच्या बरोबर मध्ये यंत्र कसावं. भर दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा सिग्नल तपासावा. रिसीव्हरच्या तोंडावर थेट ऊन येणार नाही, हेही बघावं.

श्रोतेहो, इथवरचं काम तंत्रज्ञाचं. पुढचं तुमचं. इथं पहारा देतो तो दोन टोकांमधला मोकळा पट्टा, आणि तो दिसत नसल्यामुळे कुणी ना कुणी त्यात काहीतरी आणून ठेवतो. सेलचा फलक, लग्नाची झुंबरं, गॅसचे फुगे, वर चढवलेला नवा रॅक, फोर्कलिफ्टनं उचललेला माल. झोताच्या मध्यरेषेभोवती अर्धा मीटर काहीही नको. शेडच्या नकाशावर ती रेघ लाल रंगानं काढून मांडववाल्याला, रॅक बसवणाऱ्याला आणि सुरक्षारक्षकाला दाखवून ठेवा.

झोत एकदम पूर्ण अडला, तर यंत्र आगीचा भोंगा वाजवत नाही. ते बिघाड, म्हणजे फॉल्ट दाखवतं. धूर एका क्षणात सगळा उजेड गिळत नाही, हे गृहीत धरून ते तसं बनवलेलं असतं. म्हणून आगीच्या इशाऱ्याची चाचणी हातानं पूर्ण झाकून घेऊ नका. उत्पादकाचा चाचणी-फिल्टर किंवा परावर्तकाचा ठराविक भाग झाकण्याची पद्धत वापरा. अर्धवट अडवलं की काही सेकंदांनी आगीचा इशारा आणि पूर्ण अडवलं की फॉल्ट, अशा दोन्ही चाचण्या हव्यात. फॉल्ट आला, की "त्याचं रोजचंच आहे" म्हणून दिवा बंद करू नका. त्या पट्ट्यावर त्या क्षणी कुणाचाही पहारा नसतो.

काचेवर धूळ साचत जाते, तसा घटणारा उजेड भरून काढण्याची सोय यंत्रात असते. पण तिलाही मर्यादा आहे. मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडानं काच आणि परावर्तक पुसा आणि सफाईनंतर तंत्रज्ञाकडून सिग्नलची मूळ पातळी पुन्हा नोंदवून घ्या. कापसाच्या गोदामात हे काम जास्त वेळा करावं लागतं. वेल्डिंगसाठी एखादा झोन, म्हणजे पॅनेलवरचा एक विभाग, बंद ठेवलात, तर कुणी, कधी बंद केला आणि पुन्हा कधी सुरू केला, हे वहीत लिहा. विसरून बंद राहिलेला झोन कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि स्पिरिटसारख्या, जवळजवळ धूर न करता पेटणाऱ्या मालाला हे यंत्र पुरेसं नाही. तिथं ज्वाळा ओळखणारा शोधक लागतो.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. या खेपेला कागद हाती घेण्याआधी स्वतः पॅनेलपाशी उभे राहा. प्रत्येक झोताची अर्धवट आणि पूर्ण अशा दोन्ही चाचण्या समोर करून घ्या, भोंगा ऐका, मगच सही करा.