‘ओके’ म्हणजे काय?



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका आजीने मला विचारले, “गुरुजी, माहा नातू फोनवर सारखा ओके, ओके म्हणते. हे ओके म्हंजे काय होय?” सारी उमर शाळेत गेली, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आज तोच शब्द घेतो.

हा शब्द अमेरिकेतला. तिथे बोस्टन नावाचे शहर आहे. 1839 साली, मार्चच्या 23 तारखेला, तिथल्या एका वर्तमानपत्रात तो छापला गेला. त्या काळी तिथल्या लिहिणाऱ्या लोकांना एक खोड लागली होती. मुद्दाम अशुद्ध लिहायचे, आणि त्याचीही नुसती पहिली अक्षरे छापायची. ‘सगळे बरोबर’ याला इंग्रजीत ‘ऑल करेक्ट’ म्हणतात. त्याची खरी अक्षरे ए आणि सी. पण त्यांनी गमतीने कानाला ऐकू येते तसे लिहिले, आणि ओ, के ही अक्षरे झाली. आपल्याकडे कोणी ‘सर्व शुद्ध’ हे ‘सर्व सुद्द’ लिहावे, तशातली गोष्ट! ‘बरोबर’ असे सांगणारा शब्दच चुकीचा लिहिलेला. पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकले की तुम्ही लाजता ना? लाजू नका.

पुढच्याच वर्षी, 1840 साली, तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते. त्यांचे गाव किंडरहूक. लोक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे किंडरहूकचे म्हातारबुवा म्हणत. त्याचीही अक्षरे ओ आणि के! त्यांच्या माणसांनी तोच शब्द गाजवला. ब्युरेन पडले, शब्द मात्र राहिला. मग तो तारघरात गेला. तार मिळाली की पलीकडचा तारवाला ‘ओके’ कळवायचा.

म्हणजे पाहा, आधी अर्थ होता ‘सगळे बरोबर’. तारघरात झाला ‘मिळाले, कळले’. आणि सौद्यात आपण म्हणतो तेव्हा अर्थ होतो ‘मला कबूल आहे’. शब्द एक, अर्थ तीन.

हा घरोब्याचा, बोलण्यातला शब्द आहे. तहसीलदारांना अर्ज करताना तो लिहू नये. मित्राला म्हटला तर काही बिघडत नाही.

आता मोबाईल घ्या. पडद्यावर ‘ओके’ असा चौकोन येतो. वर ‘पैसे जमा झाले’ असे लिहिले असेल, तर ओके म्हणजे नुसते ‘वाचले’. पण वर ‘पैसे पाठवायचे काय?’ असे असेल, तर ओके म्हणजे आपला अंगठा! सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे उठवणारी माणसे आपल्याच घरांत होऊन गेली. तुम्ही सही शिकलात, आणि आता काचेवर पुन्हा अंगठाच ठेवता. म्हणून चौकोनाच्या वरची ओळ आधी वाचा. मोबाईलची भाषा मराठी करून घेता येते, ती करून घ्या. फोनवरचा अनोळखी माणूस ‘लवकर ओके दाबा’ अशी घाई करत असेल, तर फोन ठेवून द्या. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

पण घोटाळा काही पडद्यावरच होतो असे नाही. माझीच फजिती सांगतो. आमच्या घरची थोडी संत्र्याची झाडे आहेत. आंबिया बहाराचे फळ होते. एका व्यापाऱ्याने फोनवर भाव सांगितला. मी म्हटले, “ओके.” माझ्या मनात होते, ऐकले, आता धाकट्या भावाला विचारू. तो समजला, सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी दुसरा व्यापारी आला, भाव जास्त बोलला, आणि भावाने त्याचा इसार घेतला. संध्याकाळी पहिला आला तो पैसे घेऊनच. चार माणसांत म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बी शब्द फिरवता?”

काय बोलणार? तो खोटे बोलत नव्हता. मीही शब्द फिरवला नव्हता. पण ते कोणाला पटवून देणार? दुसऱ्याची समजूत काढून त्याचा इसार परत केला आणि फळ पहिल्यालाच दिले. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

तो व्यापारी अजूनही बहाराला फोन करतो. भाव सांगून झाला की आता तोच विचारतो, “गुरुजी, ऐकलं, का कबूल?”