रक्तासोबत मनाचीही विचारपूस

डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, समुपदेशक, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणातून गेलेल्या मित्रमैत्रिणींनो, त्यांच्या आईवडिलांनो व भावंडांनो,

समस्त वाडीकरांच्या वतीने मी या परिषदेत आपले मनःपूर्वक स्वागत करतो. नागपूरजवळची आमची वाडी म्हणजे आयुधनिर्माणीशेजारची, गोदामांची आणि ट्रकांची कष्टकरी वस्ती. मेळघाटाकडून नागपूरला येणारा अमरावती रस्ता आमच्या दारावरूनच जातो. त्या रस्त्याने उपचारासाठी येणारी माणसे आम्हाला परकी नाहीत.

१९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. जीव वाचवणे हाच तेव्हा ध्यास होता. आज वाचलेला माणूस कसा जगतो, हेही आपल्याला पाहायचे आहे.

विदर्भात हा प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही आहे. सिकलसेल रुग्णाचे लाल कार्ड घेऊन वाढलेल्या मुलाची निम्मी शाळा दुखण्यात बुडालेली असते. प्रत्यारोपण यशस्वी झाले की वेदनेचे झटके थांबतात; पण साधा पाय दुखला तरी अख्खे घर धास्तावते. सुरुवातीचे १०० दिवस फार जपावे लागते. मास्क, गर्दीला मज्जाव, भेटायला आलेल्या आजीलाही दारातूनच रामराम. दात्याच्या पेशींनी शरीरावर उलटू नये म्हणून औषधे, लहानपणीच्या लसी पुन्हा नव्याने. या काळात मूल एकटे पडते आणि आई झोप विसरते.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळली आणि पुढे गुंतागुंत झाली, तर ‘माझ्यामुळेच झाले’ असे त्या चिमुकल्या दात्याला वाटू शकते. त्याची विचारपूस कोण करतो?

पुढे लग्नाचे वय येते. प्रत्यारोपणाने रक्त बदलते, बीजपेशी बदलत नाहीत. बरा झालेला तरुणही अपत्याला सिकलसेलचे जनुक देतो. जोडीदार वाहक असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. प्रत्यारोपणाआधीच्या तीव्र औषधांमुळे मूल होण्यातही अडचण येऊ शकते. हे वेळेवर, मायेने आणि घरच्या भाषेत सांगणारे माणूस हवे.

म्हणून या परिषदेकडे माझे कळकळीचे मागणे आहे. प्रत्येक तपासणीत रक्ताच्या अहवालाबरोबर झोप, भीती, शाळा आणि घरखर्च यांचीही नोंद व्हावी. आई आणि दाता भावंड यांनाही समुपदेशन मिळावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही आधार देतो, तो प्रत्येक घरी पोहोचावा.

आजचे पहिले सत्र आम्ही मुद्दाम रुग्णांसाठी आणि पालकांसाठी ठेवले आहे. त्यांनी मोकळेपणाने बोलावे आणि आपण तज्ज्ञांनी ऐकावे, त्यातूनच उद्याच्या उपचाराची दिशा ठरावी, अशी विनंती करतो.