पंधराचा वर्ग

मिशनच्या दवाखान्यातील परिचारिकेस, वसतिगृहावर देखरेख करणाऱ्या बाईंस किंवा कचेरीतील कारकुनास ‘येत्या वर्षी आपण काय साधणार?’ असे विचारले, तर बहुधा ‘प्रभूची सेवा’ हेच उत्तर मिळते. उत्तर मनापासून दिलेले असते. तथापि उद्या सकाळी कोणते काम अधिक चांगले करावयाचे, हे त्यातून कळत नाही. आणि वरिष्ठही तेवढ्यावर समाधान मानतात, हा माझा आक्षेप आहे.

आमच्या मावळात घडलेली एक हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १८९५ साली लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. पंडिता रमाबाई आपल्या शारदासदनातील, ख्रिस्ताकडे वळलेल्या १५ मुलींना घेऊन तेथे आल्या होत्या. एके पहाटे त्या रानात गेल्या व तेथे त्यांनी देवापाशी मागणे केले, की या संख्येचा वर्ग होवो. १५ चा वर्ग २२५! शाळेत गणित शिकविलेल्या माणसास हे मागणे विशेष भावते. नुसते ‘पुष्कळ’ त्यांनी मागितले नाही. वस्तुतः सदनात तेव्हा इतक्यांना जागाही नव्हती. पुढे दोन वर्षांच्या आत मध्यप्रांतात दुष्काळ पडला, आणि तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. मग याच लोहमार्गावर, पुण्याच्या पूर्वेस, केडगावी मुक्तिसदन उभे राहिले.

मला महत्त्व वाटते ते त्यापुढील गोष्टीचे. एवढ्या मुलींना केवळ प्रार्थनेस बसविले नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती दिली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या बायबलाच्या भाषांतराचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. खिळे जुळविणारीची प्रगती मुद्रितावर उघड दिसते. तेथे श्रद्धेच्या आड चूक लपत नाही.

लोणावळे-खंडाळ्यास आजही ख्रिस्ती संस्थांच्या सेवकांची शिबिरे भरतात. तेथे प्रमुखांनी एकेका सेवकाजवळ निवांत बसून त्याचे मनोगत ऐकावे. ध्येय त्याने स्वतः बोलावे. वरून लादलेले ध्येय म्हणजे हुकूम. परिचारिकेने प्रसूतिशास्त्राचा अभ्यास पुरा करावा, कारकुनाने महिन्याचा हिशेब पुढील महिन्याच्या ५ तारखेस मिटवावा, इतके ते ठळक असावे. स्वयंपाकिणीच्या नावे ‘किती माणसे वळविली’ असा आकडा मात्र कृपा करून मांडू नये. तिचे काम अन्नाचे आहे.

आणि अभ्यासास लागणारी रजा व फी? सेवेच्या नावाखाली आधीच तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्याने ती कोठून आणावी? संस्थेने उद्या एखादा विभाग बंद केला, तर त्याच्यापाशी उरेल ते शिकलेले कामच. तेव्हा ध्येयाच्या कागदावर सेवकाच्या सहीशेजारी संस्थेचीही सही हवी, रजेचे दिवस व फीची रक्कम लिहून.