जुनी झाडे आणि दुष्काळाचे पाणी

(कार्यकर्ता-शिबिरातील भाषण)



दुष्काळात पीक गेले म्हणजे शेतकऱ्याचे एक वर्ष जाते. बाग गेली म्हणजे अनेक वर्षे जातात. मोसंबीचे झाड भरात येण्यास सात-आठ वर्षे लागतात. तेवढ्या काळातील सगळ्या कुटुंबाचे श्रम, शेणखत आणि व्याजाने काढलेला पैसा त्या झाडात साठलेला असतो. लहान शेतकऱ्याचे भांडवल बँकेत नसते, ते शेतात उभे असते. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, कित्येकांनी त्या स्वतःच्या हाताने तोडल्या, तेव्हा नष्ट झाले ते हे भांडवल. बागेतील कामावर जगणाऱ्या भूमिहीन मजुराचा रोजगारही त्याबरोबर बुडाला.

झाड जगविण्याचे शास्त्र अवघड नाही, आणि ते कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. पाणी शोषणारी बारीक मुळे खोडाशी नसतात. ती मुख्यतः झाडाच्या घेराच्या कडेखाली असतात. पाणी तेथे, ऊन उतरल्यावर, ठिबकने किंवा पुरलेल्या मडक्यांतून द्यावे. जमिनीवर गवत, पालापाचोळा किंवा पाचट यांचे सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे. मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. वाळक्या फांद्या व पानसोट काढावेत, पण जबर छाटणी करू नये, कारण सावली गेली की खोड उन्हाने भाजते. खोडाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम लावावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बहार सोडून द्यावा, झाडावरची फळे उतरवावीत.

येथेच शास्त्राची गाठ अर्थकारणाशी पडते. झाड वाचवायचे तर फळ टाकले पाहिजे. पण कर्जाचा हप्ता त्या फळावरच अवलंबून असतो. कर्जदार शेतकरी शेवटपर्यंत फळ धरून ठेवतो, आणि फळाबरोबर झाडही गमावतो. हे त्याचे अज्ञान नव्हे, ती त्याची असहायता आहे. वसुली थांबविल्याशिवाय त्याला दिलेला तांत्रिक सल्ला हा उपदेशच ठरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. माणसांना पिण्यास पाणी नसताना झाडांना कोठून द्यावे, असे विचारले जाते. पिण्याचे पाणी पहिले, त्यानंतर गुरांचे, याविषयी वाद असूच शकत नाही. वाद आहे तो त्यानंतरच्या पाण्याचा. 6 मीटर बाय 6 मीटर अंतराने लावलेल्या एक हेक्टर बागेत सुमारे 277 झाडे बसतात. केवळ जीव धरण्यापुरते दर झाडाला रोज 30 लिटर पाणी धरले, तर उन्हाळ्याच्या 100 दिवसांना सुमारे 8 लाख 30 हजार लिटर लागतात. एक हेक्टर उसाला, पाण्याची उंची 200 सेंटिमीटर धरली, तर हंगामात 2 कोटी लिटर लागतात. म्हणजे एका हेक्टर उसाच्या पाण्यावर 24 हेक्टर बागा उन्हाळा काढू शकतात. महाराष्ट्राच्या 2003 च्या जलनीतीत उद्योगांचा क्रम शेतीच्या आधी होता. 2011 मध्ये तो बदलून शेतीला वर आणले गेले. पण ‘शेती’ या एका शब्दात कारखान्याचा ऊसही आला आणि चार एकरांची मोसंबीही. ज्या मराठवाड्यातील बागा वाळतात, त्याच मराठवाड्यातील माणसे कोयते घेऊन ऊस तोडायला जातात, ही विषमता त्या एका शब्दाआड झाकली जाते.

बोअर अधिक खोल नेणे हे याचे उत्तर नव्हे. त्यात ज्याच्याजवळ पैसा त्याची बाग हिरवी राहते आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. उत्तराची दिशा पुरंदर तालुक्यातील नायगावने दाखविली आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर वाटले, भूमिहीनालाही त्यात हक्क दिला आणि ऊस वर्ज्य ठरविला.

रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना महाराष्ट्राने 1990 मध्ये सुरू केली. तिने कोरडवाहू शेतकऱ्याला झाड दिले. परंतु तिचे अनुदान लागवडीचे आणि पहिल्या तीन वर्षांच्या संगोपनाचे. भरात आलेले झाड दुष्काळात सापडते, तेव्हा शेतकरी एकटाच उरतो.

म्हणून दुष्काळी तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन ग्रामसभेत आणि तहसील कचेरीवर गेले पाहिजे. दुष्काळ जाहीर होताच बागायतदाराच्या कर्जाची वसुली थांबवून फेड पुढील वर्षांवर लांबवावी. पिण्याच्या व गुरांच्या पाण्यानंतर उभ्या फळझाडांना जीवनरक्षक पाण्याचा हक्क द्यावा, उसाचा क्रम त्यानंतर लागावा. आच्छादन, मडकी पुरणे, खोडांना मलम लावणे ही कामे रोजगार हमीत घेऊन त्याच गावातील मजुराला मजुरी द्यावी. या तिसऱ्या मागणीत लहान शेतकरी आणि भूमिहीन एका बाजूला येतात. म्हणून कामाची सुरुवात तिच्यापासून व्हावी. विहिरी आटण्याची वाट न पाहता, झाडांची आणि मजुरांची गाववार यादी पावसाळा संपतानाच तयार झाली पाहिजे.