उजव्या खुर्चीतली लेक

 

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, पण एक ताई मागे थांबल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ताई, धाकटी बारावीला आहे, सायन्सला. पायलट व्हायचं म्हणते. आपलं दोन एकर वावर आहे. काढू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही. पण वावर एकदा गेलं की परत येत नाही, आणि लेकीचं मन एकदा मोडलं की तेही लवकर सांधत नाही. आपल्याच प्रभागातल्या एका गटाच्या सचिवताईंची मुलगी आज छोट्या शहरांना जोडणाऱ्या विमानकंपनीत को-पायलट आहे. दिवाळीला ती घरी आली होती. आम्ही दहा-बारा जणी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि तिला मनात येईल ते विचारलं. माझं नाव आणि कंपनीचं नाव तेवढं सांगू नका, म्हणाली. बाकी सगळं सांगायला तिची परवानगी आहे.

आधी ही विमानं कोणती ते सांगते. आपल्याला विमान म्हटलं की मुंबई-दिल्लीचं मोठं विमान आठवतं. पण 'उडान' योजनेत २७ एप्रिल २०१७ ला नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गाला विमान उतरलं, एप्रिल २०२५ मध्ये अमरावती–मुंबई सेवा सुरू झाली. अशा मार्गांवर बऱ्याचदा एटीआर नावाचं विमान असतं. साधारण ७० माणसांचं, दोन बाजूंना दोन मोठे पंखे, आणि चढायचं दार मागच्या बाजूला. लांब धावपट्टी नसली तरी त्याचं भागतं. नव्या पायलटची सुरुवात बऱ्याचदा अशाच विमानावर होते.

आता पैशाचं. तेच आधी बोलू.

बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. आर्ट्स-कॉमर्स झालेल्या मुली हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. मग डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाची वैद्यकीय तपासणी असते, लेखी परीक्षा असतात, रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा असते आणि किमान २०० तास विमान उडवावं लागतं. तेव्हा वयाच्या १८ वर्षांनंतर व्यावसायिक पायलटचं लायसन मिळतं. आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळे इथे शिकवणाऱ्या संस्था आहेत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. खर्च ४० लाखांच्या पुढेच जातो.

आकडा ऐकून ओट्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग सचिवताईच बोलल्या, "आणि लायसन म्हणजे नोकरी नाही बरं का. आम्हाला हेच कोणी सांगितलं नव्हतं."

त्यांचं असं झालं. घर आणि वावर बँकेकडे गहाण ठेवलं. गटाने २० हजार दिले, ते वैद्यकीय तपासणी आणि परीक्षांच्या फीला कामी आले. लेकीने लायसन आणलं, गावात पेढे वाटले. आणि मग दोन वर्षं नोकरी नाही. कंपन्यांची भरती निघेल तेव्हाच निघते. त्यात प्रत्येक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण वेगळं, त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. त्याचेही लाखांनी पैसे लागतात आणि अनेकदा ते उमेदवारानेच भरायचे असतात. शिवाय लायसन कपाटात ठेवलं तरी खर्च थांबत नाही. वैद्यकीय तपासणी दरवर्षी नव्याने करावी लागते, उडवायचा सरावही ठेवावा लागतो. त्या दोन वर्षांत मुलीने एका क्लासमध्ये लहान मुलांना गणित शिकवलं. सचिवताई लग्नाकार्याला जायच्या बंद झाल्या. "पायलटीणबाई घरीच का?" हे वाक्य ऐकून ऐकून त्या थकल्या होत्या. "हप्त्याची तारीख आली की मला भाकर गोड लागायची नाही," त्या म्हणाल्या. लेक शेजारीच बसली होती. तिने आईचा हात धरला, बोलली काही नाही.

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं.

आमच्यातल्या एकीने विचारलं, "मग काय, दुसऱ्या दिवशी विमान उडवलं?" मुलगी हसली. म्हणाली, "मावशी, कित्येक महिने विमानाला हातही लावला नाही." आधी वर्गात बसून त्या विमानाची सगळी यंत्रणा शिकायची: इंजिन, इंधन, वीज, ब्रेक. मग सिम्युलेटर. म्हणजे हुबेहूब कॉकपिटसारखी खोली, जमिनीवरच हलणारी. त्यात इंजिन बंद पाडतात, धूर झाल्याचं दाखवतात, वादळात उतरवायला लावतात. चूक झाली तर माणूस मरत नाही, पण पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर प्रवासी असलेलं खरं विमान, पण शेजारी शिकवणारा अनुभवी कॅप्टन. आणि सुरुवातीच्या फेऱ्यांना मागच्या छोट्या सीटवर आणखी एक जाणता पायलट. कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. शेवटी एक परीक्षा होते, ती पास झाली की उजवी खुर्ची आपली.

तिच्या दिवसाचं तिने सांगितलं ते ऐका. सहाचं विमान असेल तर पहाटे तीनला उठायचं. ड्यूटीआधी यंत्रात फुंकायचं, दारू घेतलेली नाही हे दाखवायला. यावर एक काकू म्हणाल्या, "असं एक यंत्र आमच्या गावच्या पारावर आणून ठेव गं." सगळ्या हसल्या. मग हवामान बघायचं, इंधनाचा हिशोब बघायचा. बॅटरी घेऊन अंधारात विमानाला चक्कर मारायची. टायर कसे आहेत, कुठे तेल गळतंय का, पंख्याच्या पात्याला कुठे टवका गेलाय का, हे पाहायचं.

आणि वजनाचा ताळा. हे आम्हाला पटकन समजलं. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. एटीआरचं दार मागे असल्यामुळे माणसं चढता-उतरताना विमान मागे कलंडू नये म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. प्रवासी कमी असले तर कोणाला पुढे, कोणाला मागे बसवतात. "माझी सीट का बदलली" म्हणून लोक भांडतात, पण कारण एवढंच असतं: गाडी उलार होऊ नये.

मग चेकलिस्ट. एकाने वाचायची, दुसऱ्याने पाहून उत्तर द्यायचं. वीस वर्षं उडवणारा कॅप्टनसुद्धा पाठ आहे म्हणून सोडत नाही. आपणही प्रत्येक बैठकीत हजेरी, मागचं इतिवृत्त, बचत, परतफेड हे त्याच क्रमाने घेतो ना? कंटाळा येतो खरा. पण एखादी पायरी गाळली की पुढे घोळ निस्तरावा लागतो.

आता मला मुख्य सांगायचं आहे ते. मी तिला विचारलं, "बाळा, पहिल्या वर्षात सगळ्यात अवघड काय गेलं? उतरवणं?" ती म्हणाली, "नाही ताई. बोलणं."

एकदा कॅप्टन विमान चालवत होते आणि रेडिओचं काम हिच्याकडे होतं. खालून कंट्रोलरने सांगितलं, सात हजार फुटांपर्यंत चढा. हिने तसंच परत म्हणून दाखवलं. कॅप्टनने यंत्रात आकडा लावला आठ हजार. खरं तर लावलेला आकडा दोघांनी बघून तोंडाने म्हणायचा असतो. हिने पाहिला, आणि जीभ अडकली. कॅप्टन पन्नाशीचे, तिच्या वडिलांएवढे. हिला वाटलं, आपल्यालाच ऐकू नीट आलं नसेल. "लहानपणापासून ऐकलंय, मोठी माणसं बोलताना मधे तोंड घालू नये," ती म्हणाली. चार-पाच सेकंद गेले. मग तिने म्हटलं, "कॅप्टन, सात हजार सांगितलंय. आठ लागलंय." त्यांनी लगेच आकडा बदलला, आभार मानले. विमान अजून बरंच खाली होतं, काही बिघडलं नाही. पण उतरल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. "बरोबर बोललीस. पण उशिरा बोललीस. गप्प बसायचा पगार कंपनी देत नाही."

त्या रात्री ती झोपली नाही म्हणाली.

हे चार-पाच सेकंद किती मोठे असतात ते सांगते. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेलं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशीत असं दिसलं की विमान उतरताना जास्त उंचीवर होतं, ते पुन्हा वर न्यायला हवं होतं. को-पायलटने तसं तीनदा सांगितलंही होतं. कॅप्टनने ऐकलं नाही. आणि विमान आपल्या हातात घ्यायचा को-पायलटला अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या सूचनाच स्पष्ट नव्हत्या, असंही चौकशीत नोंदवलं आहे. म्हणजे फक्त बोलणाऱ्याने बोलून भागत नाही, ऐकणाऱ्यानेही ऐकायला शिकावं लागतं. म्हणून आता कॅप्टन आणि को-पायलट दोघांनाही याचं प्रशिक्षण असतं. मुलीच्या कंपनीत नियम आहे: उतरताना दोघांपैकी कोणीही "गो अराउंड" म्हटलं की वाद घालायचा नाही, विमान वर न्यायचं, कारण नंतर विचारायचं. तुम्ही कधी विमानात बसलात आणि ते टेकता टेकता पुन्हा वर गेलं, तर घाबरू नका. आत कोणीतरी वेळेवर बोललं आहे.

मैत्रिणींनो, हे काम बायकांना नवं नाही. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला पंख्यांचं फोकर विमान नेलं, तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी महिला होत्या. आणि आज आपल्या देशात पायलटांमधलं बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. वाट पडलेली आहे. पण ती महाग आहे, आणि मधे थांबायला लावणारी आहे.

म्हणून त्या ताईंना मी शेवटी काय सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. वावर लगेच काढू नका. आधी मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा असला तरी बहुतेकदा चालतं, पण रंग ओळखण्यात अडचण असेल तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. संस्था डीजीसीएच्या मान्यतेची आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. तिथल्या जुन्या मुलांना भेटा आणि विचारा, २०० तास किती वर्षांत झाले? विमानं चालू असतात का, की उभीच? सगळी फी एकदम भरू नका. आणि हिशोब मांडताना लायसन मिळाल्यावरची दोन बिनपगारी वर्षं आणि टाइप रेटिंगचे पैसे धरूनच मांडा. एवढं करून जमत असेल तर करा. नसेल जमत तर मुलीसमोर वही ठेवा आणि तिच्यासोबत बसून ठरवा. तिच्यामागे ठरवू नका. विमानतळावर, हवामान खात्यात, विमानदुरुस्तीत, कंट्रोलरच्या टॉवरमध्येही कामं आहेत.

मी बोलत होते तेव्हा ती मुलगी दाराशी उभी होती. आई म्हणाली, "तू आत जा, मोठ्यांचं चाललंय." मी म्हटलं, "नाही ताई, तिला बसू द्या. तिचंच चाललंय." ती बसली. आधी जमिनीकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "आई, वावर विकू नको. मी आधी तपासणी करून येते. मग बघू."

सचिवताईंचे हप्ते अजून सहा वर्षं चालायचे आहेत. त्यांची लेक अजून उजव्याच खुर्चीत आहे. डावीकडे जायला १५०० तास आणि पुढच्या परीक्षा लागतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये पुन्हा तपासणी होते, ती वेगळीच. पण आता आकडा चुकला की पहिल्या सेकंदाला बोलते, म्हणाली.

येत्या बैठकीत एक करा. मागच्या रांगेत बसणारी, कधीच न बोलणारी जी असेल, तिला आधी विचारा, "हिशोब बरोबर वाटतो का गं?" आणि ती बोलेपर्यंत थांबा.

तुमचे प्रश्न प्रभागसंघाच्या कार्यालयात आणून द्या, पुढच्या कार्यक्रमात घेईन. येते मी. नमस्कार.